कॉम्प्युटरचा फेरफार

पार्टिशन म्हणजे काय ते मी पहिल्यांदा १ मे १९९९ ला पाहिलं. त्या दिवशी परभणी जिल्हा फोडला आणि हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत असे पाच तालुके घेऊन आम्ही वेगळे निघालो. डेटा कुठे गेला नाही. माणसं, म्हशी, विहिरी, बांधावरची भांडणं, सगळं जागच्या जागी राहिलं. फक्त पत्ता बदलला. तरी पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडच्या लग्नपत्रिकांवर ‘जि. परभणी’च छापून यायचं आणि पाहुणे बिनचूक मांडवात पोहोचायचे.

हे आठवायचं कारण म्हणजे मागच्या उन्हाळ्यात माझ्यावरच पार्टिशन करायची वेळ आली. मांडीवर कीबोर्ड, कानाला फोन. फोनवर पुण्यातला भाचा. तो विचारतोय, “मामा, फाइल सिस्टीम कोणती टाकायची?” आणि पडद्यावर चार-पाच नावं अशी उभी, जणू मतपत्रिका. एकाही उमेदवाराला मी ओळखत नव्हतो. निशाणी तर कुणालाच नव्हती.

मी वसमतला एका आडत दुकानात हिशेब लिहितो. वसमतची हळद आता मोठी झाली आहे, २०२४ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. हिशेब लिहिणाऱ्याला मात्र कुठलंच मानांकन नसतं. सीझनमध्ये सकाळी ट्रॅक्टर लागतात, बीट होतं, कांडी वेगळी, गट्टू वेगळा, काटा होतो आणि संध्याकाळी सगळ्या पट्ट्या माझ्या डोक्यावर येऊन पडतात. शेतकरी समोर बसलेला असतो. तो माझ्याकडे बघत नाही, थेट पडद्याकडे बघतो, कारण त्याच्या वर्षाचा आकडा तिथे उगवणार असतो.

अशाच एका संध्याकाळी लाईट गेली.

यूपीएस होता. यूपीएस हे लाईट गेल्याचं ओरडून सांगणारं यंत्र आहे, अशी त्याच्याबद्दल माझी समजूत तोवर पक्की झाली होती. त्याच्या बॅटरीचं पोट दोन वर्षांपूर्वीच फुगलं होतं. तो दोनदा किंचाळला आणि मालकाच्या आधी गेला. पाच मिनिटांत लाईट परत आली. कॉम्प्युटर मात्र अर्ध्यात थांबून इंग्रजीत म्हणाला की अनपेक्षित विसंगती सापडली आहे, आता एफएससीके तुम्ही स्वतः हाताने चालवा. चूक त्याची, चालवायचं मी.

या मशीनवर लिनक्स भाच्यानेच टाकलं होतं, कॉलेजात असताना. विंडोजचं लायसन्स परवडेना, आणि पेनड्राइव्हमधून येणारे व्हायरस हळदीतल्या किडीसारखे पोत्यापोत्यात पसरत होते. तेव्हा त्याने एक्स्ट-टू नावाची फाइल सिस्टीम निवडली. का, तर “डिस्क जुनी आहे मामा, जर्नलचं ओझं नको.” मला वाटलं जर्नल म्हणजे मासिक. म्हटलं, नको तर नको, वाचायला वेळ कुणाला आहे?

एफएससीके चालवला. हा प्राणी डिस्कचा कोपरान् कोपरा हुंगत जातो आणि जिथे गडबड दिसेल तिथे थांबून विचारतो: दुरुस्त करू? हो की नाही? पहिल्या दहा प्रश्नांना मी विचार करून हो म्हटलं. पुढच्या पन्नासांना नुसतंच हो म्हटलं. शेवटी वायचं बटण दाबून धरलं आणि शेठला म्हटलं, “चहा सांगा.”

तेवढ्यात काका आले. काका म्हणजे माझे सख्खे चुलते. तलाठी म्हणून उभी हयात गेली, निवृत्त झाले तेव्हा त्या पदाला तलाठीच म्हणत. आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तर काकांना वाटतं आपलं प्रमोशन हुकलं. रोज संध्याकाळी ते दुकानात पेपर वाचायला येतात. माझं बोट वायवर बघून पेपर खाली ठेवला.

“काय करूलालास?”

“सही करतोय.”

“वाचून?”

मी गप्प.

“अरे, न वाचता सही करायची तर मग तहसीलदार व्हायचं होतंस.”

दीड तासाने काम संपलं. मशीन उभं राहिलं. पट्ट्यांचं फोल्डर रिकामं. मात्र एका बाजूला ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाचं फोल्डर, त्याच्यात शेकड्यांनी फाइली, आणि एकीलाही नाव नाही. नुसते नंबर. १३१०७४, १३१०७५, १३१०७६. मी घाबरून भाच्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “मामा, फाइलचं नाव फाइलमध्ये नसतंच. नाव फोल्डरच्या यादीत असतं, आणि यादीत नावापुढे फक्त एक नंबर असतो. त्याला आयनोड म्हणतात. फाइल कुणाची, केवढी, डिस्कवर कुठे पसरली आहे, ते सगळं आयनोडला माहीत. स्वतःचं नाव तेवढं माहीत नसतं. तुमची यादी फाटली, आयनोड शाबूत आहेत.”

फोन स्पीकरवर होता. काकांनी चष्मा वर केला.

“म्हणजे गट नंबर आहे ना? मग हरवलं काय त्यात?”

काकांच्या दृष्टीने यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी मला समजावलं की गावात कुणी ‘गट नंबर दोनशे चौदा’ म्हणत नाही. चिंचेचं वावर म्हणतात, पांदीचं म्हणतात, म्हातारीचं म्हणतात. ही नावं दप्तरात कुठेच नसतात. दप्तरात असतो गट नंबर, क्षेत्र, आकार आणि भोगवटादार. आठ-अ ही खातेदाराच्या नावावरून जाणारी यादी, तिथून गट नंबर मिळतो, आणि गट नंबरावरून गाव नमुना सात. “तुमचा आयनोड म्हणजे सात, तुमचं फोल्डर म्हणजे आठ-अ. आठ-अ फाटला तर नवा बनतो. चल, उघड एकेक.”

रात्री साडेनऊपर्यंत आम्ही बेवारस फाइलींची ओळखपरेड घेतली. मी उघडायचो, काका दोन ओळी वाचून सांगायचे. “हा कुरुंद्याचा. हा हट्ट्याचा, सोळा पोती म्हणजे त्याच्याशिवाय कुणी नाही. हा गिरगावचा, पण हळद मेव्हण्याची आहे, नाव याचं.” एका फाइलीत माझ्या पुतणीची लग्नपत्रिका निघाली, एकीत कुणीतरी डाउनलोड केलेल्या हिंदी सिनेमाचा अर्धा तास. त्या संध्याकाळची शेवटची अकरा पोती मात्र कुठेच सापडली नाहीत. ती सापडली त्या शेतकऱ्याच्या खिशात, काट्याच्या चिठ्ठीवर. कुठल्याही यंत्रणेत शेवटची खात्रीची प्रत नेहमी गरजवंताच्या खिशात असते.

मग ठरलं, डिस्क नवी घ्यायची आणि सगळं पुन्हा टाकायचं. आणि तिथे तो मतपत्रिकेचा प्रश्न आला. यावेळी काका बाजूला खुर्ची ओढून बसले होते, चौकशी अधिकारी बसतो तसे.

भाच्याने आधी जर्नल म्हणजे काय ते सांगितलं. फाइल बदलायची म्हणजे डिस्कवर तीन-चार ठिकाणी लिहावं लागतं: यादीत, आयनोडात, मोकळ्या जागेच्या नकाशात. दोन ठिकाणी लिहून झालं आणि लाईट गेली की राहिलेली दोन ठिकाणं जुनंच सांगतात. मग खरं कोण, ते शोधायला एफएससीके सगळी डिस्क पिंजून काढतो. जर्नल असलेली फाइल सिस्टीम असं करत नाही. काय काय बदलणार आहे ते ती आधी एका वेगळ्या वहीत लिहिते, खाली ‘पूर्ण’ असा शेरा मारते, आणि मगच मूळ ठिकाणी हात लावते. मध्येच लाईट गेली तर उठल्यावर फक्त ती वही वाचायची. दीड तासाचं काम काही सेकंदांत.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “याला किती वर्षं झाली?”

“लिनक्समध्ये एक्स्ट-थ्री २००१ मध्ये आली, आजोबा. आयबीएमने त्यांच्या युनिक्समध्ये १९९० लाच केलं होतं.”

“महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६. कलम १५०.” काकांनी हे अशा आवाजात म्हटलं की बाहेर हमालही थांबले. “खरेदी झाली, वारस लागला, काही झालं तरी तलाठी सातबाऱ्याला हात लावत नाही. आधी गाव नमुना सहा. फेरफार नोंदवही. तिथे नोंद घ्यायची, नोटिसा काढायच्या, पंधरा दिवस थांबायचं. मंडळ अधिकारी प्रमाणित करणार, तेव्हा कुठे सातवर अंमल. हे आम्ही पेनाने करत होतो.”

फोनवर शांतता. भाचा अमेरिकन कंपनीत सर्व्हर सांभाळतो, त्याला पगार चांगला आहे. त्या क्षणी त्याला पहिल्यांदा वाटलं असावं की आपण वंशपरंपरागत व्यवसायातच आहोत.

“आणि जुनी नोंद खोडायची नाही,” काका थांबेनात. “कंस करायचा. कंसातलं कुणालाही वाचता आलं पाहिजे.”

“ते बटरएफएस करते, आजोबा. जुन्यावर कधी लिहीत नाही. नवीन जागी लिहिते आणि मग बोट तिकडे वळवते. जुनी अवस्था हवी तेव्हा परत मिळते.”

“नाव काय म्हणालास? बटर?”

“स्पेलिंग वेगळं आहे, पण बरेचजण बटरच म्हणतात.”

“खोट काय आहे?”

पुसायलासुद्धा तिला आधी थोडी नवी जागा लागते, त्यामुळे डिस्क काठोकाठ भरली की कधीकधी फाइल काढून टाकणंही जमत नाही, असं भाच्याने प्रामाणिकपणे सांगितलं. काकांना हे लगेच पटलं. भाऊ वेगळा काढायचा तर आधी त्याच्यासाठी एक खोली बांधावी लागते, आणि खोली बांधायला पैसे असते तर भाऊ वेगळा कशाला झाला असता?

पुढचं नाव एक्सएफएस. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने १९९० च्या दशकात आपल्या युनिक्ससाठी बनवली, मोठमोठ्या फाइलींसाठी उत्तम. “फक्त एक आहे,” भाचा म्हणाला, “वाढवता येते, कमी करता येत नाही.”

“अतिक्रमण,” काका म्हणाले. “पुढे.”

झेडएफएसचं वर्णन ऐकताना काका प्रथमच खुर्चीत पुढे सरकले. सन कंपनीची, २००५ साली बाहेर आली. प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची पडताळणी लिहून ठेवते. डिस्कने गुपचूप एखादा आकडा बदलला तरी वाचताना पकडते, आणि दुसरी प्रत असेल तर स्वतःच दुरुस्त करते. गुणाला तोड नाही. मग लिनक्सबरोबर सरसकट का येत नाही? तर तिचं लायसन्स आणि लिनक्सचं लायसन्स यांचं जमत नाही. जवळ बाळगायला हरकत नाही, पण एकाच सातबाऱ्यावर दोघांची नावं लावायची का, यावर वकिलांत एकमत नाही.

काकांनी उसासा सोडला. “जमीन काळी कसदार, पाण्याखाली. पण भोगवटादार वर्ग दोन.”

ज्यांना वर्ग दोन माहीत नाही त्यांनी वर्ग दोनची जमीन विकत घ्यायचा प्रयत्न करून पाहावा.

रायझरएफएस नावाचंही एक स्थळ एकेकाळी जोरात होतं. लिनक्सच्या गाभ्यात आलेली ती पहिली जर्नलवाली. तिचा कर्ता २००८ साली पत्नीच्या खुनाबद्दल दोषी ठरला आणि तुरुंगात गेला. तिला सांभाळणारे हात कमी होत गेले, आणि २०२५ च्या सुरुवातीला लिनक्समधून ती काढूनच टाकली. काकांनी यावर काही टिप्पणी केली नाही. फक्त विचारलं, “ज्यांचा डेटा तिच्यात होता त्यांना नोटीस दिली होती का?” दिली होती, दोन-तीन वर्षं आधी. काकांनी मान हलवली. प्रक्रिया पूर्ण झाली होती.

राहिली एक्स्ट-फोर. २००८ ची. घरातलीच, आमच्या एक्स्ट-टूची नात. भाचा म्हणाला, खरं तर जुनी डिस्क चांगली असती तर तिच्यातच एका आज्ञेने जर्नल जोडता आलं असतं, एकही फाइल न हलवता. हे ऐकून मी जरा हळहळलो. पूर्णा-अकोला लाईन मीटरगेजची ब्रॉडगेज होताना आम्ही गाड्यांविना काढलेले दिवस मला आठवतात. इथे चालत्या गाडीखालचे रूळ बदलता येत होते आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, पण मला वाटलं मासिक.

एक्स्ट-फोरचंही एक प्रकरण आहे. ती फाइलला जागा लगेच देत नाही, थोडं थांबून, एकदम सगळा माल बघून जागा नेमते. आडतीवर आम्हीही तेच करतो, पोती उतरवायची घाई केली की थप्पी वाकडी लागते. पण २००९ मध्ये लोकांची मशीनं बंद पडून उठली तेव्हा काहींच्या फाइली नावासकट हजर आणि आत शून्य अक्षर. एक्स्ट-थ्री पाच-पाच सेकंदांनी माल आत टाकायची, त्या सवयीवर सगळे निर्धास्त होते. एक्स्ट-फोर सांभाळणारे टेड त्सो यांचं म्हणणं, प्रोग्राम लिहिणाऱ्याने एफसिंक नावाची आज्ञा देऊन ‘आत्ताच लिही’ म्हणायला हवं, नियमात तसंच आहे. नियम त्यांच्या बाजूने होता, गाव नव्हतं. शेवटी त्यांनीच गावाच्या सवयीला सांभाळून घेणारी दुरुस्ती केली.

एफसिंकचं मात्र मला मनापासून पटलं. डिस्क ही फार चतुर कारकून आहे. लिहिलंस का विचारलं की ती म्हणते, “झालंच समजा.” कागद अजून तिच्या टेबलावरच असतो, पण समोरचा माणूस निश्चिंत होऊन घरी जातो. एफसिंक म्हणजे शिक्का कागदावर पडल्याचा आवाज येईपर्यंत टेबलाशी उभं राहणं. जुने युनिक्सवाले मशीन बंद करण्याआधी सिंक ही आज्ञा तीनदा टाइप करायचे. तीनदा कशाला? पहिल्या सिंकचं काम पुरं व्हायला जो वेळ लागतो तो पुढच्या दोन टाइप करण्यात निघून जायचा. पंढरपूरला निघताना आमची आजी कुलूप तीनदा ओढून बघायची, तिचं युनिक्स पक्कं होतं.

इथे एक आडवाट. याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ दुधाळ्याच्या परिसरात, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक पडला तरी तो टिपायचा. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं आपटली, त्याची नोंद आमच्या जिल्ह्यात होणार. आणि त्याच जिल्ह्यात, डोळ्यांदेखत काट्यावर चढलेली अकरा पोती मला टिपता आली नाहीत. जागा निवडताना जमीन शांत आहे हे पाहिलं होतं म्हणे. तर २०२४ मध्ये २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला, दोन्ही वेळा सकाळी, ४.५ रिश्टरचे धक्के बसले. काका त्याला ‘जमिनीची फेरतपासणी’ म्हणतात. ते धक्के बसले तेव्हा आमचा यूपीएस ओरडला नव्हता. त्याची नेमणूक फक्त लाईटपुरती.

औंढ्याचंच आणखी एक. सांगतात की नामदेव महाराज देवळासमोर कीर्तन करत होते, त्यांना मागच्या बाजूला जायला सांगितलं. ते मागे जाऊन गाऊ लागले, तर देऊळच फिरून त्यांच्यासमोर आलं. नंदी मात्र जिथे होता तिथेच राहिला. भाच्याने एकदा सिंबॉलिक लिंक समजावून सांगितली होती: मूळ फाइल हलली तरी लिंक जुन्या जागेकडेच तोंड करून बसते. मी म्हटलं, कळलं, औंढ्याचा नंदी.

असो. एक्स्ट-फोर घ्यायची असं जवळजवळ ठरलं. काकांची उलटतपासणी बाकी होती.

“त्या वहीत सगळं लिहिते का? मजकुरासकट?”

“नाही आजोबा. नेहमीच्या पद्धतीत फक्त नोंदी. नाव, आकार, जागा. मजकूर आधी जागेवर टाकते, मग वहीत शेरा मारते, पण मजकूर स्वतः वहीत नसतो. तोही लिही असं सांगता येतं, पण मग सगळं दोनदा लिहावं लागतं. मंद होते.”

“म्हणजे सातची हमी आहे. बाराची नाही.”

गाव नमुना बारा म्हणजे पीकपाणी. सातवर तुमचं नाव अगदी बरोबर, आणि बारावर ऊस उभा, जिथे गेली तीन वर्षं कुसळसुद्धा उगवलेलं नाही, असा उतारा काकांच्याच एका जुन्या सज्जात मी स्वतः पाहिला आहे. त्यामुळे त्यांनी हा मुद्दा फार ताणला नाही.

“मुख्य पान जळलं तर?”

“सुपरब्लॉक म्हणतात त्याला. त्याच्या नकला डिस्कवर जागोजागी ठेवलेल्या असतात. बर्कलीच्या लोकांनी १९८० च्या दशकात ही पद्धत पाडली. पहिली नक्कल बहुतेक वेळा ३२७६८ नंबरच्या ब्लॉकात. मामा, लिहून ठेवा, लागलं तर तो नंबर द्यायचा.”

काकांनी स्वतःच लिहून घेतला, पेपरच्या कडेला. “तहसीलची नक्कल,” असं त्याच्यापुढे लिहिलं.

“आणि अख्खी डिस्कच गेली तर?”

“मग काहीच नाही. जर्नल लाईट गेल्यावर कामाला येतं, डिस्क मेल्यावर नाही. त्यासाठी बॅकअप. दुसऱ्या डिस्कवर, आणि ती दुकानात ठेवायची नाही.”

“रेकॉर्ड रूम,” काका मला म्हणाले. “तुझ्या घरी, धान्याच्या कोठीवर. उंदराचं बघ.”

मी माऊस एक्स्ट-फोरवर नेला. शेठ, दोन हमाल आणि चहावाला पोरगा मागे उभे होते. एंटर दाबणार तेवढ्यात काकांनी हात वर केला.

“एकच राहिलं. वहीत नोंद केली, पण तो शेरा मारायच्या आधीच लाईट गेली. मंडळ अधिकाऱ्याची सही व्हायची राहिली. मग त्या नोंदीचं काय करतात?”

“काही नाही आजोबा. उठल्यावर शेरा दिसला नाही की ती नोंद सोडून देते. झालीच नव्हती असं धरते.”

“लगेच?”

“लगेच. सेकंदभरात.”

काका खुर्चीवरून उठले, पेपरची घडी केली, ३२७६८ वर येईल अशी.

“घे मग हीच,” ते म्हणाले. “आमच्याकडे माझ्या हातच्या अशा सतरा नोंदी अजून प्रलंबित आहेत.”